खुर्चीपालट

आत्याची तक्रार अर्ध्यावर आली असताना घरच्या धाकट्या सुनेने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, आणि तिथेच तिची पहिली चूक पकडली गेली.

“पेन ठेवायचं नाही,” दाराजवळच्या स्टुलावरून साहेब म्हणाले. “समोरच्याला वाटतं, आपलं ऐकून झालं.”

“बाबा, या खेळात तुम्ही शिपाई आहात. शिपायाने मधे बोलायचं नसतं.”

“आमच्या हॉस्पिटलात तर शिपाईच सगळ्यात जास्त बोलायचे,” आत्या म्हणाली. मेट्रनच्या पदावरून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. “हां, तर इंजिनियरबाई, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून मी फोन केला, तर तुमचा माणूस मला काय म्हणतो? म्हणतो, पाणी चढत नसेल तर आजी, तुम्ही खाली उतरा!”

तिच्या नवऱ्याला, धाकट्याला, हसू आवरेना. आईंनी तोंडाला पदर लावला. धाकटीने मात्र चेहरा सरळ ठेवला आणि पेन पुन्हा उचललं. “त्याने असं म्हणायला नको होतं. त्याच्याशी मी बोलेन. पण आधी सांगा, दुसऱ्या मजल्यावर पाणी येतं का?”

“आता कसं!” साहेबांनी मांडीवर थाप मारली. “आधी माणूस, मग पाणी.”

या घरात कुणी एक पायरी वर चढणार असलं की रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर खुर्चीपालट व्हायचीच. साहेबांनी शहराचं पाणीखातं चालवलं, तेव्हा महिन्यातला एक दिवस ते आपली खुर्ची हाताखालच्या कुणाला तरी द्यायचे आणि स्वतः दाराशी स्टूल टाकून बसायचे. कधी कारकून बसला, कधी सुपरवायझर. लोकांनी सुरुवातीला नावं ठेवली. पण त्या खुर्चीत घाम फुटलेली माणसं आज निम्म्या खात्यांची प्रमुख होती, आणि रस्त्यात भेटली की अजून साहेबांसमोर उभी राहताना छत्री मिटायची. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, पण खेळ घरी आला. पाठीमागे घरातले सगळेही त्यांना साहेबच म्हणत. समोर मात्र मुलं आणि सुना बाबा म्हणत.

आज टेबलाच्या टोकाला धाकटी होती. पाणीखात्यातच ती टाकी विभागात इंजिनियर होती, लोक तिला टाकीवाल्या बाई म्हणत. पुढच्या आठवड्यात तिला नेतृत्व प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. दीड महिना, तिथेच राहून. ते केल्याशिवाय विभागप्रमुख होता येत नव्हतं, आणि आख्ख्या खात्यातून एकच जागा होती.

तिचे दोन्ही कान मात्र आतल्या खोलीकडे होते. तिचं पिल्लू झोपलं होतं. नुकतंच रांगायला लागलं होतं, आणि रांगत रांगत नेमकं जिथे जायला नको तिथेच जायचं. ताप यायच्या आधी ते डावा कान चोळतं, हे कुणाच्या लक्षात येईल का? उशी कुठल्या बाजूला लावायची ते? आठवडाभर ती ओट्यापाशी उभी राहून हेच म्हणत होती. “कशी जाऊ हो आई? कसं सोडून जाऊ?” आणि आई म्हणत होत्या, “बघू, बघू.”

“चला,” साहेब स्टुलावरून उठले. “खेळ पुरे. आता खरी बातमी. अगं, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. मी गुरुवारीच प्रशिक्षण संस्थेच्या संचालिकेला फोन केला. माझ्याच हाताखाली तयार झालेली बाई ती. म्हटलं, आमच्या सूनबाईचं लेकरू लहान आहे, तिचं नाव पुढच्या तुकडीत टाका. एका शब्दात झालं काम. आता निवांत राहा.”

त्यांनी सगळ्यांकडे हसून बघितलं, जसं पूर्वी अडलेली फाईल मोकळी करून बघायचे.

पेन धाकटीने यावेळी खाली ठेवलं नाही, घट्ट धरलं.

“बाबा,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. तो सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होता आणि त्याचा आवाज बाहेरही तेवढाच राहायचा. “मी रजा मंजूर करून घेतलीय. दीड महिन्याची. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?”

“अरे, रजा काय, रद्दही होते.”

*

साहेबांना खरोखरच कळेना की टेबलाभोवतीचं वारं का पडलं.

त्यांच्या मते चांगला अधिकारी तो, ज्याला अर्ज यायच्या आधीच अडचण कळते. हाताखालच्या माणसाला मागायला लावणं म्हणजे त्याला लहान करणं. अशी कितीतरी कामं त्यांनी न विचारता केली होती. कुणाची बदली थांबवली, कुणाला रात्रपाळीतून सोडवलं. लोकांनी पाय धरले होते. मग ही पोर मूग गिळून का बसलीय?

“तू स्वतःच म्हणत होतीस ना, कशी जाऊ म्हणून? मी कानांनी ऐकलंय.”

“म्हणत होते, बाबा.”

“मग?”

“कशी जाऊ म्हणत होते. जाणार नाही, असं नव्हते म्हणत.”

“दोन्ही एकच.”

“एकच कसं?” आत्या मधे पडली. “मी दर ऑपरेशनच्या आधी म्हणायचे, देवा, आज कसं होणार. म्हणून काय पेशंटला घरी पाठवायचे?”

साहेब काही उत्तर देणार, तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ. अशी बेल या घरात एकच माणूस वाजवायचा, आणि तोही खुशीत असला तरच.

*

थोरला मुलगा जिना एका दमात चढून आला होता. हातात केकचा डबा होता, अंगात नवा शर्ट. स्वयंपाकघरावरून दोघी जावांचं बिनसलं, तेव्हापासून तो पलीकडच्या इमारतीत वेगळा राहत होता. रविवारी यायचा, पण बसायचा ते कडेला. आज मात्र तो थेट मधे येऊन उभा राहिला.

“सगळे आहात ना? बरं झालं. आई, सुरी आण. आत्या, तू पण ऐक, नंतर म्हणशील मला कुणी सांगितलं नाही.” त्याने डबा टेबलावर ठेवला. “माझी निवड झाली! नेतृत्व प्रशिक्षणाला. शुक्रवारी संस्थेतून फोन आला. आपल्या पाणीखात्यातली जागा ऐनवेळी रिकामी झाली म्हणे, आणि यादीत पुढचं नाव माझं. आमच्या मीटर सेक्शनने टाळ्या वाजवल्या, टाळ्या! तो खडूस हेडक्लार्क, तोसुद्धा उठून उभा राहिला.”

आईंनी सुरी आणली, पण डब्याला हात लावला नाही.

“अरे, काय झालं? केक आवडत नाही का कुणाला?”

“दादा,” धाकटा म्हणाला, “कुणाची जागा रिकामी झाली, विचारलंस?”

“कशाला विचारू? दानाच्या गाईचे दात कशाला मोजायचे? मला वाटलं, मुख्य कार्यालयातलं कुणीतरी...” आणि मग त्याने टेबलाच्या टोकाकडे बघितलं. धाकटी खुर्चीत होती. तिच्या हातात पेन होतं. दोघांच्या खात्याला जागा एकच होती आणि तिच्यावर निवड हिचीच झाली होती, हे त्याला या क्षणी आठवलं, आणि इतकं साधं गणित शुक्रवारपासून कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. आनंदाने माणूस आंधळा होतो, तो असा.

“तू चालली नाहीस?” त्याने विचारलं.

“मी चाललेच होते, दादा. मला आत्ताच कळलं की मी चालले नाहीये.”

आत्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो काढला की ती भावाला लहानपणीच्या नावाने हाक मारायची, आज तेवढं टाळलं. “खरं सांग. यादीत पुढे कोण आहे, ठाऊक होतं तुला?”

“यादी बघायचं माझं काम आहे का?” साहेब म्हणाले.

धाकटीच्या लक्षात आलं, हे उत्तर नव्हतं. ती कुणाच्या तोंडाकडे बघत असली की काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं, ते तिला आधी दिसायचं.

“अहो, झालं ते वाईट नाही झालं,” आई घाईघाईने म्हणाल्या. सुरी त्यांच्या हातातच राहिली होती. “घरातली जागा घरातच राहिली. ही अजून लहान आहे, हिला पुढल्या वेळी मिळेल. याची मात्र वर्षं चाललीत. आणि लेकरालाही आई मिळेल. काय गं?”

थोरल्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला. त्याला म्हणावंसं वाटत होतं, हो, आई बरोबर बोलतेय. त्याला म्हणावंसं वाटत होतं, मला टाळ्या वाजवल्यात लोकांनी, त्या मी कुठल्या तोंडाने परत करू?

*

साहेबांनी घसा साफ केला. हा आवाज घरात सगळ्यांना ओळखीचा होता. म्हणजे आता तडजोड येणार, आणि ती सगळ्यांना पटणार.

“ठीक आहे. माझ्याकडून घाई झाली म्हणा. असं करू. सूनबाई, तू जा. मी संचालिकेशी पुन्हा बोलतो. आणि दीड महिना तुझ्या टाकी विभागाचा चार्ज जो कुणाकडे द्यायचा, तो थोरल्याकडे. वरिष्ठ तुझीच शिफारस विचारणार ना? दे त्याचं नाव. टाकी विभाग चालवून दाखवला, की पुढच्या तुकडीला त्याचं नाव मागे टाकायची कुणाची हिंमत आहे? दोघांचंही भलं. काय?”

वारं पुन्हा सुटलं. आईंनी सुटकेचा श्वास टाकला. धाकट्यानेही मान हलवली. आत्या म्हणाली, “बुद्धी आहे हो अजून याला.” थोरल्याचा चेहराही किंचित उजळला. केकचा डबा कुणीतरी उघडला.

धाकटीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. इतक्या खुश चेहऱ्यांना नाही म्हणायचं, म्हणजे वाढलेलं ताट मागे सारायचं. पण आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला.

“नाही, बाबा.”

“का नाही?”

“चार्ज मी आमच्या सुपरवायझर बाईंना दिलाय. गेला आठवडाभर त्या माझ्याबरोबर टाक्यांवर फिरताहेत. कुठला व्हॉल्व अडकतो, कुठल्या वस्तीत दाब कमी पडतो, कुणाला गोडीत घ्यायचं आणि कुणाला दम द्यायचा, सगळं दाखवलंय मी त्यांना. काल त्यांनी एकटीने उत्तरेकडची टाकी धुवून घेतली. कुणाची तक्रार आली नाही.”

“म्हणजे तू आठवडाभर...” साहेब थांबले.

“काळजीही करत होते आणि तयारीही करत होते. दोन्ही एकदम होतं, बाबा. तुम्हाला ओट्यापाशी काळजी ऐकू आली. तयारी टाकीवर चालली होती, ती ऐकू कशी येणार? दादांना मीटर सेक्शनमधलं सगळं येतं. टाकीतलं येत नाही. ते त्यांनाही माहीत आहे. उद्या एखाद्या वस्तीचं पाणी तुटलं, तर लोक दादांना नावं ठेवतील, आणि मला म्हणतील, बाईंनी सेक्शन घरात वाटून घेतला. आणि ते खरंच असेल.”

“घरातल्या माणसाला मदत करायची नाही, हे कुठलं नेतृत्व?” साहेबांचा आवाज चढला. “हे शिकवतात का आता?”

“हे तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “खुर्चीत बसलं की नातं दाराबाहेर. हे वाक्य सबंध शहराला पाठ आहे.”

आत्याने केकचा तुकडा बशीत परत ठेवला. “घे! तुझीच काठी आणि तुझीच पाठ.”

आणि मग ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्या आई बोलल्या. सुरी त्यांनी टेबलावर आडवी ठेवली. “माझ्या वेळीही तुम्हीच सांगितलंत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये. मला सुपरवायझर करत होते, आणि तुम्ही आमच्या साहेबांना म्हणालात, तिला घरचं पुष्कळ आहे, ती नाही म्हणतेय. मी तिथेच उभी होते. तुमच्या शेजारी.”

“तू काही बोलली नाहीस तेव्हा.”

“विचारलं कुणी?” आई म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. “मघाशी मी काय बोलले ते धरू नकोस. फोन लाव. त्यांनी लावायचा नाही, तू लाव. लेकराचा डावा कान आम्ही बघू. मला काय दिसत नाही का? या दोघांचे कान मीच बघितलेत.”

*

संचालिकांनी फोन लगेच उचलला. धाकटीने सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. ज्याची गोष्ट आहे त्याच्या पाठीमागे तिला आता काहीच नको होतं.

“मॅडम, गुरुवारी तुम्हाला माझ्याबद्दल निरोप मिळाला. तो माझा नव्हता. मी प्रशिक्षणाला येणार आहे.”

पलीकडून आवाज आला, “पण साहेब स्वतः म्हणाले होते.”

“साहेब निवृत्त झालेत, मॅडम. नोकरीत मी आहे.”

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलली नाही.

“खरंय,” संचालिका म्हणाल्या. “त्यांचा आवाज ऐकला की मी अजून उभी राहते हो, काय करू? तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. माझी चूक. तुमचं नाव अजून बदललेलं नाही, आदेश उद्या निघायचा होता. जागा तुमचीच. पण तुमच्या दिरांना मी तोंडी कळवून बसलेय.”

“ते इथेच आहेत. मी सांगते त्यांना.”

“नाही. चूक मी केली, तर तुम्ही का सांगणार? द्या त्यांच्याकडे.”

थोरल्याने फोन घेतला. “हो मॅडम... नाही, नाही... कळतंय मॅडम... तुम्ही कशाला माफी मागता...” फोन धाकटीच्या हातात देऊन तो म्हणाला, “सिगरेट घेऊन येतो.” सिगरेट सोडून त्याला वर्षं झाली होती. दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं.

धाकटी मागोमाग बाहेर पडली.

तो जिन्याच्या वळणावर, पायरीवर बसला होता. नव्या शर्टाला भिंतीचा चुना लागला होता. ती दोन पायऱ्या वर उभी राहिली. काय बोलावं हे तिने ठरवलं नव्हतं. जागा घ्या, असं म्हणायला तोंड शिवशिवत होतं. ते तिने दाताखाली धरलं.

“मला फार आनंद झाला होता गं,” तो म्हणाला. “खरंच फार.”

“दिसत होता, दादा. बेलवरूनच कळला.”

“मुलाखतीत काय झालं, सांगू? कुणाला बोललो नाही. मला विचारलं, उन्हाळ्यात मोर्चा आला, लोक चिडलेत, तुम्ही काय कराल? मी सांगितलं, आमच्या वडिलांनी अशा वेळी काय केलं होतं. मग विचारलं, हाताखालचा माणूस ऐकत नाही, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, आमचे वडील म्हणायचे...” तो हसला. “तिसऱ्यांदा त्यातला एकजण म्हणाला, अहो, वडिलांची मुलाखत आम्ही तेव्हाच घेतली, आज तुमची आहे.”

तिलाही हसू आलं. मग हसू आल्याची लाज वाटली. मग तो अजून हसतोय हे बघून तीही गेली.

“आणि खरं तुम्ही काय केलं असतं? मोर्चा आला असता तर?”

“खाली गेलो असतो. त्यांच्यात जाऊन बसलो असतो. मीटरवाला मी, घराघरांत जाऊन आलेला. निम्मे लोक नावाने ओळखतात मला. बाबा शिष्टमंडळ वर बोलावून घ्यायचे, चहा पाजायचे. मला ते जमत नाही. मी खाली बसलो असतो.”

“मग हे का नाही सांगितलंत?”

“हे उत्तर आहे, असं वाटलंच नाही.”

ती त्याच्या पायरीवर येऊन बसली. “पुढच्या मुलाखतीत हेच सांगा. मी तुमच्यासाठी शब्द टाकणार नाही, दादा. पण सराव करायचा तर घरी यायचं, मी वाट्टेल ते वाकडे प्रश्न विचारेन.”

“तू विचारशीलच. तोंड बघितलं मघाशी तुझं.” त्याने शर्टाचा चुना झटकला आणि कठडा धरून उठला. “उद्या सेक्शनला मीच सांगतो. तू तिकडे फिरकू नकोस, तो हेडक्लार्क तुला बघून उगाच सुस्कारे सोडेल. चल वर. मला एक विचारायचंय.”

*

वर सगळे होते तिथेच होते. पिल्लू उठलं होतं आणि धाकट्याच्या खांद्यावरून केकाकडे वाकत होतं. कुणी तिला हाक मारली नव्हती, हे धाकटीच्या लक्षात आलं, आणि तिला बरंही वाटलं आणि थोडं टोचलंही.

थोरला वडिलांच्या समोर जाऊन उभा राहिला. “बाबा, यादीत पुढे मी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. साहेब त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. मग वळले.

“होतं,” ते म्हणाले.

आईंनी डोळे मिटले. धाकटीला वाटलं, आता बापलेकांत भडका उडणार.

“मला वाटलं, हिचीही चिंता मिटेल आणि तुझंही...” साहेबांचं वाक्य पुढे सरेना. असं अर्धवट वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“मला टाळ्या मिळाल्या, बाबा. त्या तुमच्या होत्या. मला माझ्या हव्यात. दोन पडल्या तरी चालतील.” थोरल्याचा आवाज कापला नाही. धाकटीने मनात म्हटलं, पॅनेलसमोर हा माणूस बसायला हवा होता.

साहेबांनी मोठ्या मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग बायकोकडे. आयुष्यभर लोक त्यांच्यासमोर उभे राहून जे विचारायचे, ते पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं.

“मग आता मी काय करू?”

“काहीच करू नका,” थोरला म्हणाला.

“काहीच नाही?”

“काहीच नाही, बाबा,” धाकटी म्हणाली. “फोन नाही, शब्द नाही, तोडगा नाही. दीड महिना. जमेल?”

“त्याला?” आत्याने चष्मा पुन्हा चढवला. “त्याला मेला तरी जमायचं नाही.”

साहेबांनी बहिणीकडे रागाने बघितलं. खिशातून मोबाईल काढला, क्षणभर हातात तोलला आणि आईंच्या पुढ्यात ठेवला.

“जमवतो,” ते म्हणाले.